एका बाजूचे कुलूप

पोलादी पट्टीला आठ भोके होती. सकाळी त्यांतल्या सातांत सात कुलुपे लटकली होती, प्रत्येकावर एकेका माणसाचे नाव. आता इथे खाली काम केलेल्यांची सहा निघाली होती आणि एक उरले होते, ते माझे. खोलीत राखाडी रंगाची नऊ कपाटे, प्रत्येक कपाटावर नखाएवढे तीन दिवे, म्हणजे सत्तावीस. त्यांतले चोवीस पेटलेले. चौथ्या कपाटावरचे तीन विझलेले, आणि ते विझलेलेच असायला हवे होते, कारण चौथे कपाट म्हणजे टेकडीवरच्या वस्तीची लाइन, आणि ती लाइन माझ्या कुलपाने बंद होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला उकडलेला कसाव्याचा कंद, त्याचे पाच तुकडे. माणसे तीन. खिडकी एकही नाही. सुवा शहरात कुठेही उभे राहिले तरी समुद्राचा एखादा तुकडा दिसतो म्हणतात. या खोलीतून तो कधीच दिसला नाही. इथे फक्त नऊ कपाटांची घरघर ऐकू येते, आणि ती आठवडाभर ऐकली की घरी उशीवर डोके टेकल्यावरही कानाच्या आत कुठेतरी चालू राहते.

वायरलेस खरखरला. पलीकडे वेरेनाकी काका होते, टेकडीवर, आमच्यातले सगळ्यांत जुने लाइनमन. "मॅडम, सगळी अर्थिंग काढली, पोरं खाली उतरली," ते म्हणाले. "पण सतरा नंबरच्या खांबावर जंपरचा जोड सैल दिसतोय. खालून दिसतंय मला, लोंबतोय. वर जाऊन हातानं आवळून येतो. पाच मिनिटं." माझे वरिष्ठ इलियेसा सर, त्यांनी माझ्याकडे न बघताच हात हलवला, म्हणजे जाऊ दे. ते टेबलाशी बसून कसाव्याचा तुकडा मिठात बुडवत होते. मी म्हणाले, "काका, अर्थिंग परत लावा ना मग." तिकडून हसू आले. "परत लावायची म्हणजे दोन्ही टोकांना माणूस चढवायचा, पोरी. दीड तास. तोवर सामना संपून आपली पोरं कप घेऊन विमानात बसतील. तुझं कुलूप आहे ना अजून?" "आहे," मी म्हणाले. "झालं तर मग. तुझं कुलूप म्हणजे माझा विमा."

रोनील, आमचा तंत्रज्ञ, दारात उंबऱ्यावर बसला होता, कारण मोबाइलला रेंज फक्त तिथे येते. रग्बी सेव्हन्सचा अंतिम सामना सुरू व्हायला अर्धा तास होता आणि सकाळी झाड पडून तार तुटल्यापासून टेकडीवरची सगळी वस्ती काळ्या टीव्हीसमोर बसली होती. "मॅडम," तो म्हणाला, "आज वीज उशिरा आली ना, तर टेकडीवर तुमचा पुतळा उभारतील. जाळायला." इलियेसा सर हसले. मीही हसले असणार. आणि तेवढ्यात चौथ्या कपाटावरचा मधला दिवा लुकलुकला.

एवढेच झाले. एकदा, अगदी क्षीण, एखादी पापणी फडफडावी तसा. मग विझला. मग, मी बघतच राहिले म्हणून की काय, पुन्हा एकदा.

"सर, चौथ्याचा दिवा लुकलुकला."

"हं." त्यांनी मान वर केली, दिवा बघितला, तो आता काळाच होता. "शेजारची लाइन त्याच खांबांवरून जाते ना तीन किलोमीटर. तिचा असर. ते दिवे फार हळवे असतात, पोरी, शेजारी कुणी रडलं तरी यांना पाणी येतं." रोनील उंबऱ्यावरून म्हणाला, "आमच्या सासूसारखे." आणि विषय संपला, म्हणजे त्यांच्यासाठी संपला. आणि ते बरोबर असू शकत होते. जिवंत लाइनीशेजारी मेलेली लाइन टांगली की जिवंतपणाची थोडी झळ मेलेल्या तारेलाही लागते; हे मला परीक्षेत विचारले होते आणि मी आकृतीसह लिहिले होते. वीस वर्षे या खोलीत घालवलेल्या माणसाने दिव्याकडे एकदा बघून जे म्हटले ते, मी कागदावर मांडून काढले असते तरी, दहातून नऊ वेळा खरे ठरले असते. मी दहाव्या वेळेचा विचार करत होते. म्हणजे, खरे सांगायचे तर, मी अप्पांचा, माझ्या वडिलांचा, विचार करत होते.

कुलपाची चावी माझ्या गळ्यात असते. दोरी काळी, चावी पितळी, घामाने तिचा वास बोटांना लागतो. आमच्याकडे रीत अशी की लाइनीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने आपले कुलूप पट्टीत घालायचे, टेकडीवरच्या टोळीच्या वतीने मी माझे, आणि आपले काम संपले की आपणच ते काढायचे; शेवटचे कुलूप निघेपर्यंत स्विच फिरतच नाही. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावत नाही. ते तोडायचेच झाले तर आधी तो माणूस जिवंत आहे आणि तारेवर नाही हे डोळ्यांनी बघावे लागते. मी इथे लागायच्या आधी एकजण चावी खिशात घेऊन बा नावाच्या गावी स्वतःच्या हळदीला गेला होता. त्याला परत यावे लागले, अर्धे बेट ओलांडून, तोंडाला हळद फासलेली, आणि त्याने या खोलीत उभे राहून कुलूप काढले तेव्हा त्या पिवळ्या बोटांचे ठसे कपाटावर उमटले, ते रोनील अजून दाखवतो. ही गोष्ट मला पहिल्याच दिवशी सांगितली गेली, हसवायला. मला हसू आले नाही. मला वाटले होते, बरे आहे, कुठेतरी एक वस्तू अशी आहे की जिच्यावर फक्त माझे नाव आहे आणि मी नसले तर जग थांबते. त्या वस्तूने जग थांबवायचे तर आपल्यालाही तिच्यापाशी थांबावे लागते, हे नंतर कळले. आमच्या वर्गात अकरा जण होतो. नऊ ब्रिस्बेन, ऑकलंड करत निघून गेले. ते फोनवर पवनचक्क्यांचे फोटो पाठवतात, हिरव्या कुरणात उभ्या, स्वच्छ, पांढऱ्या, वाऱ्याने फिरणाऱ्या. माझ्या शिष्यवृत्तीच्या करारात पाच वर्षे इथेच काम करायचे लिहिलेले आहे, पण करार हे निमित्त. करार संपला तरी दुकान आहे, आणि दुकानात अप्पा आहेत.

दुकान टेकडीवर आहे. याच लाइनीवर.

"खांबाखाली पोचलो," वायरलेसवर वेरेनाकी काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "शिडी आणतायत पोरं."

कुलूप एकाच बाजूचे दार बंद करते. हे मला आज, या क्षणी, नव्याने समजण्याचे कारण नव्हते. ते मला कायमच माहीत होते. स्विच बंद आहे, म्हणजे धरणाकडून, डोंगराकडून, बेटाच्या मोठ्या यंत्रांकडून येणारी वीज इथे थांबली आहे. पण तारेला दुसरे टोक आहे. तिकडे घरे आहेत, घरांत माणसे आहेत आणि कुणाकुणाच्या पडवीत पेट्रोलवर चालणारे जनरेटर आहे. वीज गेली की जनरेटरची वायर घरातल्या साध्या सॉकेटात खुपसायची आणि सगळे घर उजळवायचे, हे आमच्याकडे वादळाच्या दिवसांत घराघरांत होते. त्यासाठी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बनवतात. दुकानात मिळत नाही, मिळायलाही नको. ती लावण्याआधी घराचा मेन स्विच काढला, म्हणजे घर रस्त्यावरच्या तारेपासून तोडले, तर ठीक. काढायचे विसरले तर तीच वीज उलटी मीटरमधून रस्त्यावर येते, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी शिरते, आणि तो ट्रान्सफॉर्मर, ज्याचे काम अकरा हजार व्होल्टचे दोनशेचाळीस करणे, तो इमानेइतबारे उलटे काम करतो. शेजारपाजारचे दिवे-पंखे ओढून जनरेटर बेजार झालेले असते, म्हणून पूर्ण अकरा हजार होत नाहीत. काही शे होतात. काही शे पुरतात. तारांना अर्थिंग, म्हणजे थेट जमिनीशी जोडणी, लावलेली असती तर त्या जनरेटरचा सुरू होताच गळा आवळला गेला असता. दिवसभर ती होतीच, पण आता निघाली होती. म्हणजे हे जे काही होते ते गेल्या अर्ध्या तासात सुरू झालेले होते. सामन्यासाठी. किंवा मासळीसाठी.

अप्पांच्या दुकानात एक फ्रीझर आहे, पांढरा, झाकणाला दोन ठिकाणी चिकटपट्टी. त्यात कोंबडी, मासळी आणि पोरांसाठी बर्फाचे रंगीत गोळे. सकाळी वीज गेली तर अप्पा लगेच पेट्रोल जाळत नाहीत. झाकण उघडले नाही तर फ्रीझर दुपारपर्यंत गारवा धरतो असा त्यांचा हिशेब. मग ते जनरेटर सुरू करतात. ती दोन पिनांची वायर पडद्यामागे खिळ्याला टांगलेली असते, कॅलेंडरच्या शेजारी. रोज सकाळी चहा घेताना मी ती बघते. कंपनीचा नियम असा की ज्याच्या घरी ती सापडेल त्याची वीज सहा महिने तोडायची. सहा महिने वीज नाही म्हणजे फ्रीझर नाही, फ्रीझर नाही म्हणजे दुकान नाही, आणि दुकान नाही म्हणजे अप्पा काय, हे मला ठाऊक नाही. अम्मा गेल्यापासून ते दुकानाबाहेर कुठे उभे राहिलेले मी पाहिलेले नाहीत. गेल्या वादळानंतर एकदा मी कामावरून घरी गेले तेव्हा जनरेटर धडधडत होते आणि मेन स्विच चालूच होता. दुकानात गर्दी होती, मेणबत्त्या विकत होते, विसरले. मी गिऱ्हाइकांसमोर ओरडले. काय काय ओरडले ते नीट आठवत नाही, त्यांचा चेहरा आठवतो: हातात कुणाचे तरी सुटे पैसे धरलेले, आणि मोजायचे थांबून ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मी वीजखात्याकडून आलेली कुणी परकी बाई आहे. मग खाली बघून म्हणाले, "बरं." त्या दिवसापासून ते मेन काढतात. असे म्हणतात.

"शिडी लागली," काका म्हणाले. "चढतोय."

दिवा पुन्हा लुकलुकला. या वेळी इलियेसा सर बघत नव्हते. मी पाहिले आणि मला असे वाटले की दिव्यानेही मला पाहिले. पंखा डावीकडून उजवीकडे फिरला, कसाव्याचा कागद फडफडला, पुन्हा पडला. मला बोलायचे होते. वाक्य अगदी छोटे होते, तयार होते, जिभेवर त्याचे वजनही जाणवत होते, आणि तरी त्या वाक्यामागे दुसरे वाक्य उभे होते, त्यामागे तिसरे, रांगेने. काका, हात लावू नका. का? उलटी वीज असेल. कुठून? जनरेटर. कुणाचे? टेकडीवर दोनशे घरे आहेत. जनरेटर असलेली तीस-चाळीस असतील. मला एकच घर दिसत होते. हे बरोबर नाही हेही कळत होते: शक्यता मांडायच्या तर सगळ्यांच्या मांडाव्यात, हा काही पुरावा नव्हे, तुझ्या मनात फक्त एकाच पडद्यामागचा खिळा आहे म्हणून तू बाकीची एकोणचाळीस घरे पुसून टाकते आहेस. पण मन असे गणित करत नाही. मन तेच तेच उलट दिशेने फिरवत राहते. मला प्रयोगशाळेतली दोन यंत्रे आठवली. दोन फिरती यंत्रे एकमेकांना जोडायची तर आधी त्यांचा ताल जुळावा लागतो. तो जुळतोय की नाही हे दाखवायला मध्ये तीन दिवे असतात, ते हळूहळू उजळतात, हळूहळू मावळतात, श्वास घेतल्यासारखे. पूर्ण मावळले की स्विच टाकायचा. कॉलेजातल्या आमच्या सरांनी "आता" म्हटले आणि मी अर्धा श्वास उशीर केला. यंत्र आपल्या पायांवर उडाले. जमिनीतले बोल्ट किंचाळले. कुणाला काही झाले नाही, मुले हसली, सर म्हणाले, बाळ, या धंद्यात उशीर म्हणजे चूकच. मग ताल जुळला आणि ती दोन यंत्रे एकच असल्यासारखी फिरू लागली. आता त्यांना वेगळे फिरता येणार नव्हते. एकाला मंद व्हायचे म्हटले तर दुसरे ओढणार, दुसऱ्याला पुढे जायचे म्हटले तर पहिले धरून ठेवणार. सगळे बेट तसेच फिरते, डोंगरातली पाण्याची यंत्रे, किनाऱ्यावरची डिझेलची, सगळी एका तालात, सेकंदाला पन्नास वेळा, आणि त्यातल्या कुणालाही एकट्याने सुटता येत नाही. तेव्हा मला ते सुंदर वाटले होते. मी घरी येऊन अप्पांना समजावून सांगितले होते, वाटाण्यांची पुडी बांधत ते ऐकत होते आणि म्हणाले, "म्हणजे लग्नासारखं."

"वर आलो," काका म्हणाले. "पट्टा बांधला. नट बारीक आहे रे, हातमोज्यानं धरता येईना. काढतो."

"हात लावू नका."

माझा आवाज मला ओळखू आला नाही. वायरलेसचे बटण माझ्या अंगठ्याखाली होते, म्हणजे मी टेबलापर्यंत चालत गेले असणार. "काका, हात लावू नका कशाला. हात खाली घ्या. पट्ट्यावर धरा."

खरखरीतून उत्तर आले: "बरं, बाई. धरला पट्टा. आता काय, नाचू?"

इलियेसा सर उठले होते. ते रागावले की आवाज खाली येतो. "काय चाललंय, प्रिनीता?"

"दिवा तीनदा लुकलुकला, सर."

"मी सांगितलं ना कशामुळे."

"असेलही. पण असरामुळे असेल तर त्याचा ताल शेजारच्या लाइनीचाच असेल. पन्नास. बरोब्बर पन्नास. दिव्याखालच्या भोकांत मीटर लावून बघू. पन्नास आले तर तुमचंच खरं, मी काकांची माफी मागते."

"आणि नाही आले तर?"

"छोटं जनरेटर ओझ्याखाली आलं की त्याला पन्नास राखता येत नाही. खाली येतं."

उंबऱ्यावर रोनीलने मोबाइल खाली ठेवला होता. इलियेसा सर माझ्याकडे बघत राहिले, मग कपाटाकडे, आणि मग त्यांनीच जाऊन भिंतीवरच्या खोक्यातून मीटर काढले. त्यांची बोटे जाड आहेत, पिना भोकांत जाता जात नव्हत्या. वायरलेसवर काका म्हणाले, "इलियेसा, इथं वारा बरा आहे. पण मी पक्षी नव्हे." "गप बस, म्हाताऱ्या," सर म्हणाले, "जीव वाचवायचा चाललाय तुझा." ते थट्टेत म्हणाले होते. मग पिना बसल्या आणि मीटरवर आकडा आला, थरथरला, आणि स्थिर झाला.

सत्तेचाळीस पूर्णांक तीन.

पंखा फिरत होता. मला वाटले होते की बरोबर ठरण्यात काहीतरी सुटल्यासारखे असेल, छातीवरून काही उतरेल. उलट खोलीच्या भिंती एक-एक हात आत आल्या. इलियेसा सरांनी वायरलेस उचलला आणि अगदी हळू, एकेक शब्द मोजल्यासारखे म्हणाले, "वेरेनाकी. तार जिवंत आहे. ऐकलंस? जिवंत. अंग चोरून खाली उतर. शिडीवरून. घाई नको." उत्तरात नुसते "बरं" आले. मघाचे सगळे थट्टेचे सूर त्यातून निघून गेले होते. मग पायऱ्यांवरच्या बुटांचा आवाज, कारण त्यांनी बटण दाबलेलेच ठेवले होते. आम्ही तिघे तो ऐकत उभे राहिलो. मग माती. मग काकांनी आमच्या भाषेतला नव्हे, त्यांच्या भाषेतला एक शब्द उच्चारला, जो ते एरवी जेवणाआधी उच्चारतात.

सर खुर्चीत बसले. कसाव्याचा तुकडा हातात घेतला, परत ठेवला. "आता सोपं आहे," ते म्हणाले. "काठीनं अर्थिंग चढवायची. ज्या हरामखोराचं जनरेटर असेल त्याचं जळेल. जळू दे. शेजारी पेट्रोलचा डबा ठेवून बसला असेल तर त्याच्या मिशा पण जळतील. तेव्हाच कळतं या लोकांना."

"जाळपोळ झाली तर लोक आपल्याच गाड्या फोडतील," रोनील म्हणाला. "सामना तोंडावर आलाय, सर. आधी घरोघर माणूस पाठवू."

"दोनशे घरं? कधी होणार?"

अप्पा जनरेटरशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात. पेट्रोल संपत आले की चालू जनरेटरमध्येच ओततात, बंद करून ओतायला हवे हे मी हजारदा सांगूनही, कारण बंद केले की पुन्हा दोरी ओढावी लागते आणि त्यांचा खांदा दुखतो. अर्थिंग चढली की काय होते ते मला माहीत होते: गुंडाळी तापते, लाल होते, धूर, आणि जवळ जे असेल ते. मी हे इतके स्पष्ट बघत होते की डोळ्यांसमोर स्टुलाचा रंगही होता, निळा, एका पायाला तडा. "सर, एक फोन करू द्या," मी म्हणाले.

"कुणाला?"

मी दाराकडे चालत गेले. रोनील उंबऱ्यावरून उठून बाजूला झाला. फोन बाहेर जाऊनही करता आला असता, अंगणात, आंब्याखाली, हळू आवाजात. पण मीटर आत होते, खोलीच्या त्या टोकाला, आणि जनरेटर बंद होताच आकड्याचे काय होते हे त्याच क्षणी कुणीतरी बघायला हवे होते. शून्य झाला तर ते अप्पांचे. म्हणजे मला इथून बोलावे लागणार होते आणि तिथून सरांना वाचावे लागणार होते, आणि मधली दहा पावले सगळ्यांच्या कानांनी भरलेली होती. "अप्पांना," मी म्हणाले. "टेकडीवर दुकान आहे त्यांचं. जनरेटर आहे. दोन पिनांची वायर आहे."

सरांनी मान वर केली नाही. "मेन काढतात?"

"म्हणतात काढतो."

रिंग वाजत होती. मला वाटले उचलणार नाहीत, दुकानात कुणीतरी असेल. मग उचलला, आणि मागे ती धडधड, बहिरी, सारखी, ओळखीची. "बोल," अप्पा ओरडले, कारण जनरेटरपाशी ते नेहमी ओरडतात. "काय गं? आली का वीज?"

"अप्पा, जनरेटर बंद करा."

"का? आत्ता तर लावलं, फ्रीझर तापायला लागला."

"मेन काढलाय?"

"काढलाय."

"बघून सांगा."

"अगं काढलाय, माझ्या हातानं काढलाय. तू सांगितल्यापासून रोज काढतो. खोटं बोलतोय का मी? गिऱ्हाइकं उभी आहेत, पोरांना सामना बघायचाय, इथं टीव्ही लावलाय मी—"

"अप्पा, खांबावर माणूस होता. बंद करा."

मी ओरडले नव्हते. निदान ओरडायचे नव्हते. रोनील जमिनीकडे बघत होता. मला वाटते पलीकडे त्यांना ऐकू आले असावे की मी एकटी नाही, की माझ्यामागे एक खोली आहे. मग मागची धडधड हळू झाली, अडखळली, दोन-तीन सुटे ठोके पडले आणि थांबली. पोरांचा गलका आला, कुणीतरी टीव्ही गेला म्हणून ओरडले. अप्पा म्हणाले, "केलं बंद. मेनचं हँडल खालीच, बंदवर आहे, बाई." बाई, पोरी नव्हे.

"सर," मी मागे न वळता विचारले, "किती आहे?"

सरांची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ते कपाटापाशी वाकले असावेत. त्यांनी चष्मा पुसला, मग वाचले.

"सत्तेचाळीस पूर्णांक तीन."